वाचकांचे प्रश्न : संकटातली उपकारस्तुती, पण खरी

या महिन्याच्या टपालात एकाच विषयाची पत्रे जास्त होती. घरात आजार, कर्ज, मृत्यू किंवा मारहाण असताना देवाचे आभार मानायचे ते कसे, आणि नेमके कशाबद्दल? पाळकीय सेवेत असलेल्या आणि समुपदेशनाचे काम करणाऱ्या आमच्या गटाने मिळून ही उत्तरे लिहिली आहेत. पत्रे संक्षिप्त केली आहेत आणि ओळख पटेल असा तपशील गाळला आहे.

प्रभूच्या नावात सलाम. माझ्या यजमानांचे डायलिसिस सुरू होऊन दीड वर्ष झाले. आठवड्याला तीन फेऱ्या. रिक्षा, औषधे, कामावरचे खाडे, सगळीच ओढाताण. मंडळीतल्या भगिनी म्हणतात, “सर्व स्थितीत उपकारस्तुती करा.” मी गुडघे टेकते, “प्रभू, तुझे आभार” म्हणते आणि लगेच वाटते, मी खोटे बोलते आहे. हा अविश्वास आहे का?
– एक भगिनी, अहिल्यानगर

नाही, ताई. देवापुढे खोटे बोलवत नाही, याचा अर्थ तुम्ही त्याला खरा मानता.

भगिनी सांगतात ते वचन थेस्सलनीकाकरांस पहिल्या पत्रातले आहे, ५:१८. ते पत्र छळ सोसणाऱ्या मंडळीला लिहिलेले आहे आणि तिच्यातली काही माणसे नुकतीच वारली होती. त्याच पत्रात ४:१३ मध्ये ते लिहिणारा प्रेषित पौल त्यांना म्हणतो, ज्यांना आशा नाही त्यांच्यासारखा शोक करू नका. शोकच करू नका, असे तो म्हणत नाही. तिसऱ्या अध्यायात तर तो स्वतःची अवस्था सांगतो: तुमच्या काळजीने मला राहवेना, म्हणून तीमथ्याला पाठवले. असा माणूस हे वचन लिहितो आहे. ते एकटे तोडून कोणाच्या तोंडावर मारायचे नसते.

उपकारस्तुती संकटात कशी करायची हे पाहायचे तर प्रेषितांची कृत्ये, अध्याय २७ वाचा. जहाज चौदा दिवस वादळात आहे, जहाजावर २७६ माणसे आहेत आणि कोणी धड जेवलेले नाही. पौल भाकर घेतो, सगळ्यांदेखत देवाचे आभार मानतो, ती मोडतो आणि खाऊ लागतो. आभार हातातल्या भाकरीबद्दल आहेत. वादळाबद्दल तो आभार मानत नाही. आणि याच अध्यायात त्याने प्रवास धोक्याचा आहे असे आधीच बजावले आहे, छोटी होडी पाण्यात सोडून पळू पाहणाऱ्या खलाशांची खबर शताधिपतीला, म्हणजे रोमी सैन्याच्या अधिकाऱ्याला, दिली आहे. जेवण झाल्यावर उरलेला गहू समुद्रात टाकून जहाज हलके करतात. धोका बोलून दाखवणे, उपाय करणे आणि आभार मानणे ही तिन्ही कामे एकाच माणसाच्या हातून त्याच काही दिवसांत झाली.

तेव्हा मूत्रपिंडे निकामी झाली याबद्दल आभार मानू नका. ते कोणी मागितलेले नाही.

करायचे काय, ते सांगतो. स्तोत्र १३ उघडा. सहाच ओव्या आहेत. पहिल्या दोनांत तक्रार आहे. दावीद देवाला चारदा विचारतो, कोठवर? पुढच्या दोनांत मागणी आहे. शेवटच्या दोनांत भरवसा आणि गाणे. हाच साचा वापरायचा. डायलिसिस साधारण चार तास चालते. त्यातली पंधरा मिनिटे आणि एक साधी वही पुरे.

आधी तक्रार, दोन-तीन ओळी, खऱ्या तपशिलासह: “आज सुई दोनदा टोचावी लागली. रिक्षाचे पैसे उसने घेतले. मला कंटाळा आला आहे, आणि कंटाळा आल्याची लाज वाटते.” मग एकच मागणी, या आठवड्यात झाली की नाही हे कळेल अशी: “गुरुवारी मशीनवर यांचा रक्तदाब एकदम खाली जाऊ देऊ नकोस.” शेवटी एकच आभार, पण त्यात माणूस, वेळ आणि जागा हवी: “मंगळवारी मशीन लावणाऱ्या मुलाने न सांगता यांच्या पायांवर पांघरूण घातले.” पुढच्या फेरीला त्या मुलालाही तसे सांगा. देवाचे आभार मानले पण माणसाला एक शब्द बोललो नाही, तर ती उपकारस्तुती अर्धीच राहते. फिलिप्पैकरांस पत्र पौल बंदीवासातून लिहितो, आणि त्याच्या चौथ्या अध्यायात मिळालेल्या मदतीचा हिशेब तो किती प्रेमाने देतो ते पाहा: कोणी पाठवली, कोणाच्या हाती पोचली, याआधी थेस्सलनीकात असताना कितीदा मिळाली होती.

हे करताना बिघडते कुठे? बहुतेक वेळा क्रमात. आभार आधी उरकले की मागून येणारी तक्रार पाप वाटू लागते आणि माणूस ती गिळतो. दोन-तीन आठवड्यांत वही बंद पडते. दुसरा बिघाड “निदान” या शब्दाबरोबर येतो: निदान शेजारच्या बेडवरच्या बाईंसारखी आमची गत नाही. असे आभार प्रभूच्या दाखल्यातल्या, स्वतःला धार्मिक समजणाऱ्या परुश्यानेही मानले होते, मी इतर माणसांसारखा नाही म्हणून (लूक १८:११), आणि प्रभूने ते स्वीकारले नाहीत. आणखी एक बिघाड सौद्याचा. मी आभार मानत राहिले तर देव बरे करील, असा हिशेब मनात असला की प्रत्येक वाईट रिपोर्टनंतर स्वतःच्याच प्रार्थनेत खोट शोधली जाते. आजार तुमच्या आभारात काही कमी पडले म्हणून वाढत नाही.

एखाद्या दिवशी आभाराची ओळ सुचलीच नाही, तर जागा कोरी ठेवा, स्तोत्र ८८ वाचा आणि आमेन म्हणा. ते स्तोत्र अंधारातच संपते, आणि तरीही ते पवित्र शास्त्रात आहे.

एक व्यवहाराची गोष्ट. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत डायलिसिसचा समावेश आहे. योजनेतल्या रुग्णालयात “आरोग्यमित्र” बसतात. रेशनकार्ड आणि आधार घेऊन त्यांना भेटा. जिल्हा रुग्णालयातही २०१६ पासूनच्या राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमाची चौकशी करा. मंडळीतल्या ज्या भगिनी वचन सांगतात, त्यांना आठवड्यातली एक फेरी सोबत येण्याची विनंती करायला संकोचू नका.

इफिसकरांस ५:२० मध्ये “सर्व गोष्टींबद्दल” उपकारस्तुती करा असे आहे. नवरा पिऊन मारतो. वडीलधारे म्हणतात, याबद्दलही आभार मान, देव तुला घडवतो आहे.
– नाव नको, पुणे जिल्हा

मारहाणीबद्दल देवाचे आभार मानायचे नाहीत. हे आम्ही कोणतीही अट न घालता लिहितो आहोत.

ज्या अध्यायात विसावी ओवी आहे त्याच अध्यायाची अकरावी ओवी अंधाराच्या कृत्यांत भागी होऊ नका, ती उघडी पाडा असे सांगते. अठरावी ओवी पिऊन मस्त होण्याला मना करते. पंचविसाव्या ओवीपासून नवऱ्याने बायकोवर, ख्रिस्ताने मंडळीवर केली तशी प्रीती करावी, असे येते. या तिन्हींच्या मधून विसावी ओवी उचलून मार खाणाऱ्या बाईच्या हाती देणे हा वचनाचा गैरवापर आहे. तो करणारा वडीलधारा असो की पाळक, त्याला हे तोंडावर सांगितले पाहिजे. ते काम तुमचे नाही, मंडळीतल्या इतरांचे आहे.

पंडिता रमाबाईंच्या भक्तीविषयी महाराष्ट्रातल्या कोणत्याही ख्रिस्ती माणसाला शंका नसेल. आई-वडील दुष्काळाच्या काळात गेले, १८८० मध्ये भाऊ, १८८२ मध्ये पती. त्या बाईंनी १८९७ मध्ये पुण्याच्या प्लेग रुग्णालयात स्त्रियांना मिळणाऱ्या वागणुकीविरुद्ध वृत्तपत्राला पत्र लिहून जाहीर तक्रार केली, आणि सरकारची नाराजी ओढवून घेतली. त्याच वर्षांत दुष्काळातल्या मुलींना त्यांनी केडगावला आणून आसरा दिला. देवाचे उपकार मानणारी बाई अन्यायाबद्दल गप्प बसते, हा समज त्यांच्याकडे पाहिले तर टिकत नाही.

आता पावले. जीव धोक्यात असेल तर ११२. स्त्रियांसाठीची हेल्पलाइन १८१. २००५ चा कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षणाचा कायदा सर्व धर्मांच्या स्त्रियांना लागू आहे. त्याखाली प्रत्येक जिल्ह्यात संरक्षण अधिकारी असतात, आणि त्यांच्यामार्फत अर्ज करताना आधी पोलिसांत गुन्हा नोंदवलेलाच असावा लागत नाही. मार लागला की त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात दाखवा आणि केसपेपरवर मार कशाने लागला ते लिहून घ्या. “जिन्यावरून पडले” असे सांगितले की पुढे तोच कागद आडवा येतो. आधार, रेशनकार्ड, बँक पासबुक आणि मुलांचे दाखले यांच्या प्रती घराबाहेर, विश्वासाच्या एका माणसाकडे ठेवा. निघायचे ठरवले असेल तर ते घरात आधी बोलू नका.

या काळात प्रार्थना करावीशी वाटली तर स्तोत्र ५५ वाचा. जवळच्याच माणसाने घात केल्याचे दुःख त्यात आहे, आणि पळून जायला पंख असते तर बरे झाले असते असे ते उघड म्हणते.

यंदा कांद्याला भाव नाही, काढणीचा खर्चही सुटला नाही. हंगामाच्या सणाला काय घेऊन जाऊ? शिवाय मुलगी मोठ्या आजारातून उठली म्हणून घरी उपकारस्तुतीची सभा करायची होती. मंडप आणि दोनशे माणसांचे जेवण करायचे तर कर्ज काढावे लागेल.
– एक शेतकरी बांधव, नाशिक जिल्हा

कर्ज काढू नका. करिंथकरांस दुसऱ्या पत्रात (८:१२) पौल स्पष्ट करतो की दान जवळ असेल त्या मानाने मान्य होते, नसेल त्या मानाने नव्हे. सावकाराच्या पैशाने वाढलेल्या पंक्तीला उपकारस्तुती म्हणता येणार नाही. जेवण एका दिवसात संपते आणि हप्ते पुढचे दोन हंगाम चालतात. मुलीकडे पाहिले की हप्ता आठवू लागतो.

सभा करा, छोटी करा. आजारात ज्यांनी खरोखर धावपळ केली ती दहा-पंधरा माणसे बोलवा: रक्त देणारा, रात्री गाडी काढणारा, धाकट्याला सांभाळणारी शेजारीण. ती ख्रिस्ती नसतील तरी आवर्जून बोलवा. दोन गीते, एक स्तोत्र (११६ या प्रसंगाला नेमके बसते), मुलीच्या आजाराची हकिगत घरच्या माणसाच्या तोंडून, प्रत्येकाचे नाव घेऊन आभार, प्रार्थना, चहा आणि पोहे. पाऊण तासात होते. लेवीयाच्या सातव्या अध्यायात उपकारस्तुतीच्या अर्पणाचे मांस त्याच दिवशी संपवायचे, सकाळपर्यंत ठेवायचे नाही, असा नियम आहे. एका घराला ते एका दिवसात संपणार नाही, म्हणजे वाटून खावेच लागे. गाभा वाटून खाण्यात आहे, पंगतीच्या आकारात नाही.

हंगामाच्या सणाचे थोडे सविस्तर सांगायला हवे, कारण पडलेल्या भावाच्या वर्षी बरीच घरे लाजेने त्या रविवारी देवळात येतच नाहीत. पवित्र शास्त्रातल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या २६ व्या अध्यायात प्रथमफळांची टोपली घेऊन आलेल्या शेतकऱ्याने काय बोलायचे ते दिले आहे. तो टोपली देऊन गप्प परत जात नाही. आपला पूर्वज भटका होता, मिसरात आम्हांला जाच झाला, कष्ट करून घेतले, आम्ही आरोळी मारली, हे सगळे तो आधी म्हणतो. दुःखाची कैफियत हा तिथे उपासनेचाच भाग आहे. हबक्कूक संदेष्टाही तसेच करतो (३:१७-१८): अंजिराला फूल नाही, वेलीला फळ नाही, जैतुनाचे पीक बुडाले, शेतात अन्न नाही, वाड्यात मेंढरे नाहीत, गोठ्यात गुरे नाहीत. सहा नुकसानी एकेक करून मोजतो, आणि मग म्हणतो, तरी मी परमेश्वराच्या ठायी आनंद करीन. त्या “तरी”ला वजन येते ते आधीच्या मोजणीमुळे.

म्हणून या वर्षी ताटलीभर कांदे घेऊन जा. पाच-सहा पुरेत. चिठ्ठीवर लिहा: क्षेत्र किती, खर्च किती, हाती किती आले. आणि खाली एक ओळ, अजूनही उभे असलेल्या कशाबद्दल तरी: विहिरीचे पाणी, बैल, गाभण शेळी, जे खरे असेल ते. ती चिठ्ठी पाळकसाहेबांना वेदीपाशी वाचू द्या. मंडळीच्या पंचांनाही आमची विनंती आहे. जिनसांच्या लिलावात बोली चढवताना इज्जतीपायी उधारीवर बोली लावली जाते आणि ती बाकी पुढच्या सणापर्यंत वहीत राहते. वाईट वर्षी लिलाव ठेवू नका. आलेले धान्य-भाजी सरळ गरजेच्या घरांत वाटा, आणि नुकसान झालेल्या शेतकऱ्यांसाठी नावे घेऊन प्रार्थना ठेवा.

शेजारच्या घरात तरुण मुलगा वारला. भेटायला जाऊन काय बोलावे?
– एक वाचक, सोलापूर

फार कमी. “देवाला फुले आवडतात म्हणून त्याने तोडले”, “यातही आभार माना”, “दुसरा मुलगा आहे ना” ही तिन्ही वाक्ये टाळा. मुले गमावलेल्या ईयोबाचे मित्र सात दिवस-रात्र न बोलता त्याच्याजवळ जमिनीवर बसले, तिथपर्यंत ठीक होते. बोलू लागले तेव्हा बिघडले. शेवटी देव त्यांनाच रागावतो आणि म्हणतो की माझ्याविषयी यथार्थ बोलला तो ईयोब (४२:७). म्हणजे वीसएक अध्याय तक्रार करणारा माणूस. ईयोबाचे “परमेश्वराने दिले, परमेश्वराने नेले” हे वाक्य त्याचे स्वतःचे होते. ते दुसऱ्याच्या तोंडात घालायचा अधिकार भेटायला गेलेल्याला नाही.

मुलाचे नाव घ्या. त्याची एक खरी आठवण सांगता आली तर सांगा. मृत्यूची नोंद २१ दिवसांत करायची असते. ते काम घ्या. पहिले काही दिवस डबा सगळेच देतात, तो दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात बंद होतो. तुम्ही तेव्हा सुरू करा. स्मरणाच्या उपासनेत आईला साक्ष द्यायचा आग्रह करू नका.

मी रोज रात्री वहीत दहा आभार लिहिते. सात-आठ आठवड्यांपासून झोप नाही, भूक नाही. वही भरते आणि मी आणखी रिकामी होते. माझा विश्वास कमी पडतो आहे का?
– एक शिक्षिका, मुंबई

वही आजच थांबवा. रोज दहाचा कोटा ठेवला की आठवडाभरात सूर्य, पाणी, श्वास अशी ठरावीक यादी उतरू लागते आणि मन त्यात नसते. बरे वाटेल तेव्हा आठवड्यातून एकदा, एकच प्रसंग, चार-पाच ओळींत लिहिणे जास्त चांगले.

पण आधी दुसरे काम आहे. दोन आठवड्यांहून जास्त काळ झोप आणि भूक गेलेली, कशात मन नाही, ही नैराश्याची लक्षणे असू शकतात. थायरॉइड किंवा रक्त कमी असण्यानेही थकवा येतो, म्हणून या आठवड्यातच डॉक्टरांना दाखवा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालतो, फोन मोफत आहे आणि मराठीत बोलता येते. जगणे नको असे विचार येत असतील तर उद्याची वाट न पाहता आत्ताच फोन करा आणि घरातल्या एकाला सांगा.

१ राजे, अध्याय १९ वाचा. एलीया संदेष्टा रतामाच्या झुडपाखाली बसून मरण मागतो. देवदूत त्याला उपदेश करत नाही. भाकर आणि पाणी देतो, झोपू देतो, पुन्हा उठवून खायला घालतो. देवाचे बोलणे त्यानंतर, चाळीस दिवसांच्या वाटेपलीकडे. औषधाची गोळी घ्यावी लागली तर ती त्या भाकरीच्या जागी समजून घ्या, आणि डॉक्टरांना न विचारता मध्येच बंद करू नका. बऱ्याच औषधांचा गुण यायला काही आठवडे लागतात.

नवऱ्याची नोकरी गेली. जेवणाआधीच्या प्रार्थनेत नववीतला मुलगा म्हणाला, “आता कशाबद्दल थँक्यू?” त्याला दटावले. चूक झाली का?
– पिंपरी

उद्या त्याला सांगा की प्रश्न बरोबर होता. ताटावर तीन वाक्ये ठरवा: आज काय जड गेले, काय हवे आहे, काय मिळाले. प्रत्येकाने आपले बोलायचे, नसेल तर “पास” म्हणायचे. बाबांनी आधी बोलावे, आणि खरे बोलावे. घरात पैसे किती महिने पुरतील हे नववीतल्या मुलाला ढोबळपणे कळलेले बरे. न कळलेल्याची भीती जास्त असते.

माझा आजार बरा झालेला नाही. मंडळीत साक्ष द्यायला उभे राहावे का? बरे झालेलेच उठतात.
– एक वाचक, वसई

उभे राहा. पौलाने शरीरातला काटा काढावा म्हणून तीनदा विनंती केली, तो निघाला नाही, आणि हीच गोष्ट त्याने सगळ्या मंडळीला वाचायला लिहून पाठवली (२ करिंथ १२). साक्ष तीन मिनिटांची ठेवा, आणि लिहून न्या म्हणजे घसरणार नाही. आजाराचे नाव आणि सध्याची स्थिती दोन वाक्यांत. न झालेली मागणी एका वाक्यात, सारवासारव न करता. मग या महिन्यातली एक मदत, देणाऱ्याची परवानगी असेल तर नावासह. शेवटी मंडळीकडून काय हवे ते: सोबत, औषध आणून देणे, प्रार्थना. “प्रभू नक्की बरे करणार आहे” असे दडपणाखाली जोडू नका. तुमच्या धर्मग्रामात मिस्सेत साक्षीची पद्धत नसेल तर संत इग्नेशियसच्या रात्रीच्या आत्मपरीक्षणाला आठवडाभर दहा-पंधरा मिनिटे द्या. त्याची सुरुवातच आभारांनी होते, तेव्हा वर सांगितल्याप्रमाणे त्याआधी स्तोत्र १३ च्या पहिल्या दोन ओव्या मोठ्याने म्हणा. मग ते फादरांना दाखवा. प्रार्थनागटात कोणापुढे बोलायचे ते त्यांच्याशी ठरवता येईल.